पेढ्यांचे दोन पुडे

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत दातार पेढ्यांचा पुडा घेऊन बागेतल्या नेहमीच्या बाकापाशी आले. शंकर मगदूम आधीच येऊन बसले होते आणि त्यांच्याही मांडीवर पुडा होता.

दोघांनी तीस वर्षं सांगलीच्या एकाच शाळेत शिकवलं होतं आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या पक्षाला शिव्या घातल्या होत्या. ज्याचा पक्ष जिंकेल त्याने पेढे आणायचे, हा तेव्हापासूनचा नियम.

"तू कशाला आणलेस? हरलात की तुम्ही," दातार म्हणाले.

"आम्ही? काल दिवसभर टीव्हीवर आमचाच गुलाल बघितला मी."

दोघांनी एकमेकांच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. सत्तरी ओलांडली की डॉक्टर तो पट्टा बांधत. बातम्या बघताना रक्तदाब वाढू लागला की पट्टा टीव्हीला कळवायचा आणि टीव्ही त्या माणसाला सोसेल अशी बातमी बनवून दाखवायचा.

"म्हणजे मागच्या निवडणुकीला..." मगदूम अडखळले. "तू आजारी होतास. मी एकट्यानेच इथे पेढे वाटले."

"मी घरी वाटले होते," दातार म्हणाले.

कोणीच पुडा उघडला नाही. मग दोन्ही पट्टे एकदमच गोड आवाजात म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या, आजोबा."

दातारांनी पट्टा सोडला आणि बाकावर ठेवून दिला.

"घरी तुझी सून ओरडेल," मगदूम म्हणाले.

"ओरडू दे," दातार थकल्या आवाजात म्हणाले. "तेवढं तरी खरं असेल."