दीपकची कॉमेंट

सरकारी खात्याने माहिती पुरवणारी वेब सर्व्हिस बदलली आणि बुरोंडीच्या मच्छीमार सोसायटीच्या वेबसाइटवर डिझेलचा कोटा दिसेनासा झाला. "तेजस्वी, डिझेलाविना होड्या अडकून पडल्यात गो," सोसायटीतली हिरा फोनवर पुन्हा म्हणाली. ती वेबसाइट सांभाळणाऱ्या रत्नागिरीच्या ऑफिसात तेजस्वी एकटीच होती. सर्व्हिसशी बोलणारा क्लायंट कोड नव्याने जनरेट करायचा, एवढंच काम. पण कोड तयार करणारं टूल जुनी फाइल पुसून नवी लिहिणार होतं, आणि जुन्या फाइलीत तिच्या नवऱ्याने, दीपकने, कोडच्या ओळींमध्ये कॉमेंट म्हणून एक टीप लिहून ठेवली होती: 'तेजू, इथे हात लावू नको. चालतंय.' तो वारून वर्ष झालं होतं. जुनी प्रत बॅकअपमध्ये राहणारच होती. चालत्या कोडात मात्र दीपक उरणार नव्हता. तिने डोळे चोळून कमांड चालवली. थोड्या वेळाने हिराचा फोन आला. "कोटा दिसला. डिझेल भरतायत. जेवलीस काय गो?" तेजस्वीला तेव्हा कुठे रडू आलं.