कुलूप

भाचीचं लेकरू चालायला लागलं त्याच वर्षी ती नवऱ्याचा मार चुकवून गुपचूप दुसऱ्या गावी राहायला गेली. तिचा पत्ता सरकारी दप्तरात गुप्त होता, आणि तिथला कारकून तिचा सख्खा मामा. कचेरीत त्याला 'कुलूप' म्हणत. एके दुपारी जावई इवलासा स्वेटर घेऊन खिडकीशी आला. "मामा, थंडी पडलीय. लेकराला एवढा पाठवायचाय." कुलूप उघडलं. मामाने पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. गुप्त माहिती फोडल्याबद्दल न्यायाधीशांनी दोन वर्षांची कैद सुनावली. "साहेब, दोनच?" मामा पुटपुटला. पुराव्याच्या टेबलावरच्या स्वेटरची घडीसुद्धा मोडली नव्हती. दाराशी बहीण उभी होती. तो तिच्या पायांवर वाकला तशी ती मागे सरली. "दादा, आई असून मीसुद्धा कधी पत्ता विचारला नाही रे." चिठ्ठी दिली त्याच संध्याकाळी भाची नवऱ्याच्या हातून मेली होती.