खिडकीजवळची शेगडी

बेल वाजवायची नाही, हा गॅस कंपनीचा पहिला नियम. घरात गॅस साठला असेल तर बटणातली एवढीशी ठिणगीही पुरते. म्हणून फिटरने दारावर टकटक केली. दार उघडलं ते त्याच्या पूर्वीच्या बायकोच्या नव्या नवऱ्याने.

तक्रारीचा पत्ता पाहताच फिटरने तो ओळखला होता. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण ती आता कशी राहते हे बघायची संधी, तीही कंपनीच्या खर्चाने, पुन्हा कुठून मिळणार? ड्रायव्हरला खाली गाडीत बसवून तो एकटाच वर आला होता.

"बरं झालं लवकर आलात," नवरा म्हणाला. त्याने फिटरला कधी पाहिलेलं नव्हतं. "मी आठवडाभर बाहेरगावी होतो. आत्ता घरात पाऊल टाकलं आणि वासाने डोकंच उठलं. मीटरचा कॉक बंद केलाय, सगळ्या खिडक्या उघडल्यात, दिव्याच्या बटणाला हात लावलेला नाही."

सगळं बरोबर केलं होतं. फिटरला त्याचाही राग आला. माणसाने निदान एखादी चूक तरी करावी.

ती स्वैपाकघराच्या दारात उभी होती. अंगाने थोडी भरली होती आणि ते तिला शोभत होतं. तिने ओळख दाखवली नाही, त्यानेही नाही.

"ह्यांना स्टूल आणून दे रे," ती नवऱ्याला म्हणाली.

दे रे! फिटरशी संसार केला तेवढी वर्षं ती 'अहो'च्या पुढे सरकली नव्हती. आणि हा बाबा खरंच स्टूल आणायला पळाला.

फिटरने ओट्यावरून, फडताळावरून नजर फिरवली. एखादा गळका नळ, पोपडे आलेली भिंत, काहीतरी खोट दिसावी म्हणून तो डोळे ताणत होता. सगळं जागच्या जागी होतं. त्यांच्या जुन्या संसारातलं एक भांडंसुद्धा तिने इथे आणलं नव्हतं. ती वर्षं जणू पुसून टाकली होती.

ओट्याशी नेताच गळती शोधायचा डिटेक्टर ओरडायला लागला. फिटरने शेगडीच्या नळीला साबणाचा फेस लावला आणि कॉक क्षणभर उघडला. मागच्या जोडावर बुडबुडे फुगले.

"नळी ताणली गेलीय. शेगडी कोणी हलवली?"

"मी," नवरा म्हणाला. "गावाला जायच्या आदल्या दिवशी. हिला खिडकीपाशी उभं राहून स्वैपाक करायचा होता."

फिटरकडेही तिने हेच मागितलं होतं. एकदा नाही, घराला रंग काढायची वेळ आली की दरवेळी. 'नियमात बसत नाही' म्हणून त्याने विषय मिटवला होता. ह्याने नियम विचारलाच नाही, शेगडी उचलली आणि खिडकीशी ठेवली. चूक ह्याचीच होती, शंभर टक्के. तरी हेवा वाटत होता तो ती चूक करणाऱ्याचाच.

त्याने खिशातून लाल पट्टी काढली. ती शेगडीला बांधली की इन्स्पेक्टर येऊन सोडवेपर्यंत शेगडी पेटवायची नाही, आणि इन्स्पेक्टर त्याच्या सवडीने येतो. पिशवीत लांब नळी होती, काम काही मोठं नव्हतं. पण ह्या ओट्यावर थोडे दिवस काही शिजू नये, असं फिटरला अगदी मनापासून वाटत होतं.

गाठ मारता मारता, तिच्याकडे न बघता, त्याने कामाच्या आवाजात विचारलं, "बाई, आठवडाभर गळतोय हा गॅस. शेगडी खिडकीशी होती म्हणून वाचलात. वास आला नाही?"

"आला."

"मग कळवलं का नाही?"

ओट्याच्या कडेवरून तिने हात फिरवला.

"पूर्वी माझ्या घरात हा वास असायचाच. धुवायच्या कपड्यांना, उशीला. संध्याकाळी आधी जिन्यातून वास यायचा, मग दार वाजायचं." तिचा आवाज खाली गेला. "ह्याला भ्यायचं असतं, हे लक्षातच आलं नाही माझ्या."

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मागाहून मिसळतात. लग्नाच्या त्या वर्षांत फिटर हा वास मिसळायच्या प्लांटवर होता. अंग घासून घासून सोललं तरी वास जात नसे, आणि त्यावरून ती त्याला काय काय बोलली होती! आता मात्र त्याला आतून एकदम मोकळं वाटलं. लगेच आठवलं, की आठवडाभर ती ह्या गळतीशेजारी शेगडी पेटवत होती.

नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं. मग फिटरच्या गणवेशाकडे, मग चेहऱ्याकडे.

फिटरने गाठ सोडली आणि पट्टी खिशात कोंबली. शेगडी खिडकीशीच ठेवून त्याने लांब नळी जोडली, कॉक उघडला, पुन्हा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. डिटेक्टरवर शून्य होतं.

"झालं," तो म्हणाला. "गेला वास."

नवरा वर्तमानपत्राची घडी घेऊन खिडकीच्या दिशेने वारा घालत होता. फिटरने डिटेक्टर त्याच्यासमोर धरला. त्याने आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला येतोय अजून," तो म्हणाला, आणि वारा घालत राहिला.