ग्रेव्हीचा लुइव्हिलचा शनिवार

“तो बघा! डावीकडून दुसरा! आजोबा, कान बघा ना त्याचे!”

रेमी सोफ्यावर बसली नव्हतीच, ती सोफ्यावर उभी होती. टीव्हीवर न्यू ऑर्लिन्सचं मैदान, मार्चचं कोवळं ऊन आणि शर्यतीआधी लोकांसमोरून चालत निघालेले घोडे. बहुतेक सगळे तीन वर्षांचे, मिसरूड फुटलेल्या पोरांसारखे बिथरलेले. कुणी आडवा चालतोय, कुणी घामानं निथळतोय. घोडे तयार करणाऱ्या लॉरेनच्या तबेल्यातला काळा, ज्याची सगळ्या पेपरांत चर्चा, तो तर डोळे गरगर फिरवत होता. आणि त्याला खेटून तांबूस, जाडजूड ग्रेव्ही. जसा काही कोपऱ्यावरून दूध आणायला निघालाय!

“झोपलाय की काय तो?” शेजारचे डेल्बर्टकाका मक्याचा पाव तोंडात कोंबत म्हणाले.

“जळू नका, काका!”

घोडे सुटायच्या दारांपाशी पोचले आणि आजोबांनी टीव्ही बंद केला.

“अरे ओरव्हिल, शर्यत तर बघू दे!” डेल्बर्टकाका ओरडले.

“मला बघायचं ते बघून झालं,” आजोबा म्हणाले.

केंटकीतल्या या एवढ्याशा कुरणावर आजोबांनी जन्मभर शर्यतीचे घोडे वाढवले होते. हौस एकच. मेच्या पहिल्या शनिवारी, लुइव्हिलच्या त्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी, आपल्या कुरणातलं एक तरी पोर त्या मैदानात दिसावं. पण दर वसंतात काहीतरी व्हायचंच. कुणाचा गुडघा सुजायचा, कुणाचा दम संपायचा. आता कुरणातली शेवटची घोडी थकली होती आणि ग्रेव्ही तिचं शेंडेफळ. तो जन्मला तेव्हा पशुवैद्य त्याच्याकडे बघून म्हणाले होते, “ओरव्हिल, ही गाय आहे.”

खरंच होतं ते. ढग गडगडले तरी ग्रेव्ही चरत राही. गवत कापायचं यंत्र शेजारून धडधडत गेलं तरी त्याची शेपटीसुद्धा हलत नसे. शाळेत ब्रिन्लीनं तर सगळ्यांसमोर विचारलं होतं, “काय गं, तुमची गाय कधी धावते?”

पूर्वीची रेमी रडली असती. या वर्षीची रेमी म्हणाली, “लुइव्हिलला दिसेल तेव्हा टाळ्या वाजव. वाजवता येतात ना?”

फोन खणखणला. लॉरेन बोलत होती. “ओरव्हिलकाका, गुणी बाळ आहे तुमचं! एकदाही बिचकला नाही. आता एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनची शर्यत. तिथं असाच वागला, तर लुइव्हिल.”

आजोबांनी फोन ठेवला आणि उरलेला सगळा मक्याचा पाव डेल्बर्टकाकांच्या पुढ्यात सरकवला.

लेक्सिंग्टनच्या आदल्या दिवशी मात्र ग्रेव्ही लंगडला. खुराखाली खडा लागला होता.

आजोबांनी जुना ट्रक काढला. शाळा सुटल्यावर डेल्बर्टकाकांनी रेमीला लॉरेनच्या तबेल्यात पोचवलं, तर आजोबा पालथ्या डब्यावर बसलेले आणि ग्रेव्हीचा पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत. ग्रेव्ही आजोबांच्या टोपीचा काठ चघळत होता.

लॉरेन दारात उभी होती. “काका, स्पष्टच सांगते. सकाळी लंगडला तर त्याच्या जागी दुसरा न्यावा लागेल. आणि उद्या दुसरा गेला, तर लुइव्हिललाही तोच जाईल.”

“ने की, पोरी,” आजोबा म्हणाले. “पण सकाळ तर होऊ दे.”

ती गेल्यावर रेमीनं ग्रेव्हीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “ए गाये, ऐक. हा म्हातारा तुझ्यापायी गुडघे मोडून बसलाय. उद्या नीट चालला नाहीस ना, तर गाजरं बंद. कायमची!”

सकाळी लॉरेननं त्याला फरशीवरून चालवलं. टाप, टाप, टाप, टाप. रेमी बोटांवर मोजत होती. चारही टापा सारख्या पडत होत्या.

“चला,” लॉरेन म्हणाली. बस, एवढंच.

दुपारी घोडे दारांपाशी पोचले तसे आजोबा मैदानाकडे पाठ करून तबेल्याकडे निघाले. मागे लोकांचा गलका उठला, वाढला, शमला. थोड्या वेळानं लॉरेन धावतच आली, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. “काका, ठरलं! काळा आणि तुमचा हा, दोघंही लुइव्हिलला! आता ग्रेव्हीशिवाय जाणं नाही!”

आजोबांनी चष्मा पुसला. मग परत पुसला.

मेचा पहिला शनिवार उजाडला. आजोबांच्या अंगात चर्चला जायचा कोट, रेमीच्या डोक्यावर मावशीची भलीमोठी पिवळी टोपी. दारांच्या अगदी जवळ, कठड्याला चिकटून दोघं उभी राहिली. एवढी माणसं रेमीनं जन्मात पाहिली नव्हती. बँड वाजला, लोक ओरडले, काळा थरथरला, दोन पायांवर उभा राहिला. ग्रेव्हीनं जांभई दिली.

“आजोबा, दिसला! लुइव्हिलला दिसला!”

“दिसला गं,” आजोबा म्हणाले.

या वेळी ते पाठ करून निघाले नाहीत.

घंटा झाली. दारं धाडकन उघडली. वीस घोडे वादळासारखे सुटले, काळा सगळ्यांच्या पुढे, आणि सगळ्या मैदानाच्या माना त्यांच्यामागे वळल्या. आजोबा आणि रेमी मात्र उलट्या दिशेला बघून टाळ्या पिटत होती. तिकडे रिकाम्या दारांमागून, बिथरलेल्या काळ्याला शांत ठेवत दारापर्यंत पोचवायचं, सोबती घोड्याचं आपलं काम चोख करून, ग्रेव्ही डुलत डुलत घरी निघाला होता.