एसीच्या पाण्यावर

हारूनने झुडपाची शेवटची हिरवी फांदी कापली, तेव्हा मॅडमनी तोंड फिरवलं.

बहारीनमध्ये अरादच्या एका बंगल्यावर तो कंपनीने ठेवलेला माळी होता. मॅडम ऑस्ट्रियाच्या. त्यांच्या बर्फाळ डोंगरांवर हे गुडघाभर झुडूप आपसूक उगवतं, असं त्यांनी सांगितलं होतं. तिकडून आणलेलं रोप इथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात, एसीच्या खोलीत असूनही, वाळत आलं होतं.

हारूनचे वडील राजापूरला आंब्याची कलमं बांधायचे. त्याने फांदीचे पाच तुकडे केले, खालची पानं खुडली, भुसभुशीत काळ्या मातीत ते खोचले आणि वर काचेची बरणी उपडी घातली. नळाचं पाणी खारट; म्हणून एसीतून ठिबकणारं पाणी तो बाटल्यांत साठवायचा.

साहेब कामावर, मुलं परदेशी शिकायला. मॅडम रोज बरणीसमोर स्टूल घेऊन बसत आणि हारूनशी मोडक्या हिंदीत बोलत. बोलणं झाडाचंच असे, पण तासभर चाले. कामावर त्याच्याशीही दिवसभरात तेवढंच कुणी बोलायचं.

चार तुकडे काळे पडले. पाचवा डिसेंबरात हळूच ओढून पाहिला, तर हाताला घट्ट लागला; मूळ धरलं होतं. मॅडमनी त्याचा मातीचा हात दोन्ही हातांत धरला.

मे महिन्यात साहेबांची नोकरी संपली. निघायच्या सकाळी हारूनने कुंडी ओल्या कापडात गुंडाळून आणली. मॅडम कुंडीकडे पाहून म्हणाल्या, "तिकडे डोंगर भरलाय याने. हे तू ठेव."

कुंडी मांडीवर घेऊन तो बसने हमद टाउनला, कामगारांच्या खोलीवर आला. खोलीत सहा जण, एसी एक. एसीखालची खाट यासीनची. ती बदलून मिळेल का, असं हारूनने विचारलं. एका झाडासाठी का, म्हणून यासीन हसला. पुढच्या महिन्यात हारूनच रजेवर गावी जाणार, मग झाडाला पाणी कोण घालणार, असं त्याने विचारलं.

"मी जात नाय," हारून म्हणाला. "अम्मी गेल्यापासून घराला कुलूपच हाय."

यासीनचं हसू थांबलं. तो उठला आणि खाटेवरचं आपलं अंथरूण गुंडाळू लागला.