वालेंतीच्या नावाखालची ओळ

बसथांब्यावर दोन पाट्या आहेत. एकीवर छावणीचं स्मारक, चार किलोमीटर. दुसरीवर तळलेला मासा, दोन किलोमीटर.

युद्ध संपल्यावर गावातले लोक फावडी घेऊन नाझी छावणीच्या राखेत सोनं शोधायला उतरले. चाळण्या घरून आणल्या होत्या.

लेओकादिया वोयनार वाढदिवस करत नाही. नावाचा सण करते, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस; इथे पोलंडात सगळे म्हातारे तेच करतात. डिसेंबरात, खसखशीच्या केकने.

"ग्रॅनाइटवर चुकलं तर खोडता येत नाही," पाथरवट म्हणाला. "बारापर्यंत ओळ द्या. नाहीतर मी चाललो."

ती ओळ ठरत नव्हती म्हणून लेओकादिया सकाळी नऊपासून स्मारकाच्या कचेरीत ठाण मांडून बसली होती. वय ब्याऐंशी. हातात काठी. काठी चालायला कमी, आपटायला जास्त.

रविवारी नव्या दगडाचं अनावरण होतं. छावणीकडे नेल्या जाणाऱ्या ज्यूंना मदत केली म्हणून जे गावकरी मारले गेले, त्यांचा. सहा नावं कोरून झाली होती. प्रत्येक नावाखाली एक ओळ, का मारला याची. ओळीशिवाय नाव नाही, असा नियम. सातवं नाव वालेंती वोयनार. रेल्वेचा गँगमन, लेओकादियाचा बाप.

"चार वर्षं झाली, मालविना. चार वर्षं तू 'बघते' म्हणतेस. काय बघतेस, मी कधी मरते ते?"

मालविना कुरेक स्मारकाची प्रमुख होती. तिने किटली खाली ठेवली. "लेओकादियाबाई, आधी चहा घ्या."

"चहावर कटवू नकोस मला. ज्यूंसाठी अख्खं मैदान दगडांनी भरलंत. बसा भरभरून येतात, रडतात, जातात. आमचा एक माणूस गेला, त्याला वीतभर जागा नाही?"

"नुसतं नाव कोरू. नियम मी बघून घेईन."

"नुसतं नाव?" काठी आपटली. "म्हणजे झिगमुंतचा नातू दगडाला टेकून सांगेल, बघा, लिहिण्यासारखं काही नव्हतंच!"

गावकरी झिगमुंतने सांगितलेली गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. १९४२चा ऑगस्ट. ज्यूंना छावणीत नेणारी गाडी रुळांच्या फाट्यावर उभी, डबे तापलेले, आतून लोक पाणी मागत होते. वालेंती पाणी घेऊन गेला. थोड्या वेळाने झिगमुंतने त्याला बिटाच्या शेतातून पळताना पाहिलं. कोटाखाली गाठोडं होतं. त्या उन्हाळ्यात घोटभर पाण्याला लोक अंगठी घेत. गाठोड्यात काय असणार, हे कुणाला विचारावं लागलं नाही. झिगमुंत जर्मन पहारेकऱ्यांना सांगून आला. दोन दिवसांनी त्यांनी वालेंतीला तो राहायचा त्या जंगलातल्या रेल्वेचौकीसमोर उभं करून विचारलं, कुठे लपवलंस? तो बोलला नाही. त्यांनी गोळी घातली.

"बदलीवर येऊन आठवडा झाला होता," लेओकादिया म्हणाली. "गावातलं काळं कुत्रं ओळखत नव्हतं आम्हाला. मी अकरा महिन्यांची. आई सांगायची, जमिनीच्या फळ्यासुद्धा उचकटल्या त्यांनी. मी टोपलीत बोंबलत होते. एक मणी सापडला नाही! आणि हे गाव? युद्धानंतर तीनदा आमची बाग खणली. शाळेत मला सोनपरी म्हणायचे. माझ्या पोराचं ठरलेलं लग्न मोडलं त्यावरून. सगळ्या गावाने राख चाळली, आणि चोर कोण? माझा बाप!"

"मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे? मघापासून त्या कपाटाकडे बघतेस. काय आहे त्यात?"

"एक जबाब आहे."

"झिगमुंतचा."

"कुणाचा ते सांगता येत नाही. तशी अट आहे."

"गाठोड्याबद्दल लिहिलंय?"

"हो."

"होतं, असं लिहिलंय?"

मालविना चहा ओतू लागली. बाहेर पाथरवटाने गाडीचा हॉर्न वाजवला. बाराला दहा कमी होते.

"बरं," लेओकादिया म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त वाईट होता. "मग ओळ मी सांगते. घे लिहून. 'गाडीतून त्याने काहीही घेतलं नाही.'"

"हे नको. दुसरं काहीही सांगा. 'पाणी दिलं' एवढंच लिहू."

"पाणी सगळ्यांनीच दिलं, अंगठ्या काढून घेऊन! मला हेच पाहिजे."

"लेओकादियाबाई, एकदा कोरलं की कोरलं."

"म्हणून तर पाहिजे. आईने मरताना माझा हात धरून शपथ घेतली. आपल्या घरात सोनं कधी आलं नाही, म्हणाली. ती खोटारडी होती का? बोल ना. तोंडावर बोल!"

"नाही," मालविना म्हणाली. "त्या खोटं बोलल्या नाहीत."

"मग कर सही."

मालविनाने कागद ओढला. ओळ लिहिली, खाली सही केली.

लेओकादिया पाथरवटाच्या शेजारी शेवटच्या अक्षरापर्यंत उभी राहिली. त्याने खुर्ची आणली, ती तिने काठीने दूर सारली. काम संपल्यावर धूळ बाहीनेच पुसली, आणि गावाकडे तोंड करून ओरडली, "या आता! या आणि वाचा, भिकारड्यांनो!"

पाथरवट हसला. मालविना हसली नाही.

कपाटातला जबाब लेओकादियाच्या आईचा होता. १९७९ साली तिने तो दिला, मुलीला कधीही दाखवायचा नाही या अटीवर.

२२ ऑगस्ट १९४२ला गाडी फाट्यावर येऊन थांबली, त्या सकाळी वालेंती आणि झोफिया वोयनार यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांना मूल नव्हतं.