क्षची किंमत

"बाई, क्षची किंमत कशी काढतात?"

फरीन आणि बाकीच्या मैत्रिणींनी विचारून दाखवायची पैज लावली होती, म्हणून हर्षालीने टॅबवरच्या यंत्रबाईंना विचारलंच. घरबसल्या फुकट शिकवणाऱ्या या बाई कधी म्हणजे कधीच रागवत नसत.

"क्ष हे अक्षर आहे गं. अक्षराला कसली किंमत?"

"फरीनच्या गणितात असते! तिच्या बाई फीवाल्या आहेत."

"तुझं गणित गेल्या वर्षीच संपलं, हर्षाली."

ते संपलं म्हणून आईने चाळभर पेढे वाटले होते. "गणित कधी संपतं का गं, येडे?" म्हणत फरीन पोट धरून हसली होती.

"संपलं, की तुम्ही संपवलं?"

"तू पाच वर्षांची असतानाच गोदामातल्या मोजणीसाठी तुझी निवड झालीय. तिथे एवढं पुरतं."

हर्षालीने वळून पाहिलं. भाजी निवडणारे आईचे हात थांबले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गोदामवाले फुकट शिकवतात, वर नोकरी देतात, पोरी," बाबा खाली बघत म्हणाले. "मध्येच सोडलंस तर दाखला नाही. दाखल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही."

"नको करू देत. आई, बाबा, उद्यापासून मी फरीनकडे बसून तिच्या वहीतून शिकणार आहे."